बोल्टवरची पिवळी रेघ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही — देवासमोर उभा राहिलो की मला नेमकी घाई असते.

तुम्ही म्हणाल, असं काय केलंस बाबा? खून केलास? चोरी केलीस? नाही हो. तसलं काही नाही. गोष्ट एका बोल्टची आहे. गाडीच्या इंजिनातला एक बोल्ट, त्याच्या जोरावर ताणलेला एक रबरी पट्टा, आणि एक माणूस. बघा — माणूस शेवटी आला. माझं हे असंच होतं. त्याचं नाव आधी घ्यायला हवं होतं. नथू. नथू मेकॅनिक.

पण आधी मी कोण ते सांगतो. म्हणजे — थोडा वेळ मिळेल मला.

मी किन्हवलीच्या एका शाळेत क्लार्क होतो. अठ्ठावीस वर्षं. शाळेतल्या क्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही म्हणायचे. दाखले, जन्मतारखा, हजेरीपट — सगळं माझ्या अक्षरात. गावात माझं नाव चांगलं आहे. भाऊसाहेब खोटं बोलायचे नाहीत, असं लोक म्हणतात. दोन भावांचं बांधावरून भांडण झालं तरी मला मध्ये बोलावतात. मी जातो. गंभीर चेहऱ्यानं बसतो. आणि मनात म्हणतो, अरे, तुम्हाला त्या बोल्टबद्दल कळलं तर?

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना मी गाडी घेतली. जुनी. माझ्या आधी दोघांनी वापरलेली. पांढरी होती असं कागदावर होतं. हिला — म्हणजे माझ्या बायकोला, सुनंदाला — गुडघ्याचा त्रास, शहापूरला डॉक्टरकडे नेताना एसटीची पायरी चढवत नसे. तेवढ्यासाठी घेतली. आणि इथंच अण्णा आले.

अण्णा म्हणजे हिचे थोरले भाऊ. राहायला मुरबाडला. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, आणि तालुक्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी नात्यातलं. लग्नं जमवणं हा त्यांचा छंद. पोरगी सरळगावची, पोरगा धसईचा, बैठक टोकावड्याला — असं सगळं त्यांच्या डोक्यात फिरत असायचं. फक्त फिरायला गाडी नव्हती. ती मी घेतली.

पहिल्या रविवारी फोन आला. "भावजी, गाडी घेऊन या. जरा एका ठिकाणी जाऊन येऊ." गेलो. एका ठिकाणी नाही, पाच ठिकाणी गेलो. दुसऱ्या रविवारी साखरपुडा. तिसऱ्या रविवारी बारसं. चौथ्या रविवारी कुणाचं तरी दहावं — मयत माणसाला मी ओळखत नव्हतो, अण्णांनाही नीट आठवत नव्हता. मी गाडी चालवायचो आणि अण्णा शेजारी बसून मला चालवायचे. "सेकंड टाका. हॉर्न द्या. अहो, त्या म्हशीला हॉर्न द्या!" संध्याकाळी घरी येईपर्यंत माझी मान आखडलेली असायची, आणि मागच्या सीटवर लाडवांचा चुरा.

मग नाही का म्हटलं नाहीस, असं तुम्ही विचाराल. विचारा. तोच तर प्रश्न आहे. मला नाही म्हणता येत नाही. जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही मी. मुलगी बघायला गेलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "पसंत आहे ना?" मी हो म्हणालो. पसंत होतीच, ते वेगळं. पण नसती तरी हो म्हणालो असतो. आता पंचावन्नाव्या वर्षी, आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीत दुपारची झोप हवी म्हणून मी त्या माणसाला नाही कसं म्हणू?

असे तीन महिने गेले. मग एका रविवारी गाडी ओरडली.

मुरबाडला अण्णांच्या दारात गाडी चालू केली, आणि बॉनेटखालून असा आवाज निघाला — डुकराच्या पिल्लाला शेपटीला धरून उचललं की ते कसं किंचाळतं? तसा. एकसारखा. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. एक म्हातारे हात जोडूनच आले, त्यांना वाटलं काही वाईट झालं. अण्णा नवं धोतर नेसून, अत्तर लावून तयार. पाहुण्यांकडे जायचं होतं. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"असली बोंबलणारी गाडी घेऊन मुलीवाल्यांच्या दारात जायचं होय? लोक काय म्हणतील? राहू दे. तुम्ही जा घरी."

तुम्ही जा घरी! बारा वाजता घरी पोहोचलो. ही चक्रावली. मी जेवलो आणि साडेचार वाजेपर्यंत झोपलो. त्या झोपेचं वर्णन मला करता येणार नाही. लहानपणी आईच्या मांडीवर झोपलो असेन, त्यानंतर थेट ती.

सोमवारी शाळेत जाता जाता गाडी नथूकडे घेतली.

नथूचं गॅरेज सरळगावच्या रस्त्याला, जांभळीखाली. चार खांब, वर पत्रा. नथू डोंगराकडच्या पाड्यावरचा. त्याचे आईबाप वीटभट्टीवर जायचे, सहा महिने घर बंद. हा कल्याणला एका गॅरेजात पडेल ते काम करून शिकला आणि परत येऊन स्वतःचं टाकलं. पाड्यावर पहिलाच. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख मीच लिहिलेली. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. पण गाडीचं काही बिघडलं की भातसानगरच्या कॉलनीतले साहेबलोकसुद्धा शहापूर सोडून त्याच्याकडे यायचे. कारण तो न बिघडलेलं काही बदलायचा नाही.

त्यानं बॉनेट उघडलं, ऐकलं आणि हसला. "काय नाय भावसाब. पट्टा ढिला झालाय."

आणि मग त्यानं मला दाखवलं. त्यानंच दाखवलं हो! शाळेतला माणूस म्हणून मला नीट समजावून सांगत होता. इंजिन फिरतं, त्याच्या चाकावरून हा पट्टा जातो आणि डायनामो फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो. डायनामो खाली एका बोल्टवर झुलतो, वर एका लांबट खाचेत दुसरा बोल्ट आहे. वरचा सैल केला की डायनामो मागे-पुढे सरकतो. बाहेर ओढून आवळला की पट्टा ताणला जातो. झालं. मग पट्ट्याच्या बरोबर मध्यावर त्यानं अंगठा ठेवला, दाबला. पट्टा अर्धं पेर आत गेला.

"जास्ती गेला तर पट्टा रडतो," तो म्हणाला, "आन कमी गेला तर बेरिंग रडतं. कोण ना कोण रडणारच. दोगं बी गप बसतील ती जागा अंगठ्यानं शोधायची."

मलाही दाबून बघायला लावलं. मी दाबलं. आणि खरं सांगतो — त्या क्षणी माझ्या डोक्यात नथू नव्हता, पट्टा नव्हता. रविवार होता.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी ही भजनाला जाते. मी तेराचा पाना घेतला, बॉनेट उघडलं, वरचा बोल्ट सैल केला, डायनामो तळव्यानं थोडा आत ढकलला आणि बोल्ट परत आवळला. पाच मिनिटं. पट्टा पेरभर आत जायला लागला. हात पुसले, चहा केला.

रविवारी सकाळी मुद्दाम फोन चालू ठेवून गाडी चालू केली. तिकडून अण्णांना ऐकू गेलं. "परत तेच? राहू दे, राहू दे!"

साडेचारपर्यंत झोपलो.

झालं. हीच ती गोष्ट. बोल्ट मी सैल करत होतो. एकदा नाही. होळीपासून श्रावणापर्यंत, एखाददुसरा अपवाद सोडला तर दर शनिवारी. आणि दर सोमवारी गाडी नथूकडे नेऊन म्हणत होतो, "नथू, बघ रे, परत आवाज करतेय."

नथूकडे का नेत होतो? स्वतः का आवळत नव्हतो? कारण मग हिनं विचारलं असतं — येतंय तर शनिवारीच का नाही आवळलंत? खोटं नीट बोलायचं तर असं सगळं सांभाळावं लागतं. ही तर उलट शेजारणींना कौतुकानं सांगायची, "ह्यांचं गाडीवर किती लक्ष! दर शनिवारी बॉनेट उघडून बघतात." तिनं एकदा गाडीची नजरही काढली. मीठ-मिरच्या बॉनेटवरून ओवाळून चुलीत टाकल्या तर ठसका म्हणून लागला नाही. नजर लागलीच आहे, हे सिद्ध झालं. त्या मिरच्या दोन वर्षांच्या जुन्या होत्या हे मला माहीत होतं. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू नये.

पहिल्या दोनतीन वेळा नथू नुसता ओशाळला. "आसं व्हायला नको व्हतं," म्हणाला आणि आवळून दिलं. चौथ्या वेळी त्यानं पट्टा नवा घातला. पाचव्या वेळी सुतळी ताणून धरून तिन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघितलं. एका रेषेत होती. सहाव्या वेळी बोल्ट नवा, वायसर नवं, खाचेची पट्टी नवी. माझ्याकडून मजुरी घ्यायला तयार नव्हता — माझंच काम परत आलंय, म्हणायचा. चिखलात आडवा पडून खालून बघायचा. मी वर छत्री धरून उभा. "काय रे, सापडलं का काही?" असंही विचारायचो. विचारायचो हो मी!

आणि मग त्यानं ती रेघ मारली.

एका सोमवारी पट्टा आवळून झाल्यावर त्यानं पिवळ्या रंगाची डबी काढली, काडीनं बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "आता कळंल," म्हणाला. "बोल्ट आपोआप फिरत आसंल तर रेघ तुटंल. मग मला चोर सापडला."

चोर! मी छत्री मिटली. पाऊस चालू होता तरी मिटली.

इथं मी थांबू शकलो असतो. तुम्हीही तेच म्हणाल. खरं तर इथं मी दुसरंही करू शकलो असतो — नुसता सैल करायचा, रेघ तुटू द्यायची. नथूला वाटलं असतं, बोल्ट आपोआप फिरतो. त्यानं डबल नट टाकला असता, मग मला जास्त जोर लागला असता, पण त्याचं समाधान झालं असतं. पण मला भीती वाटली. रेघ तुटलेली दिसली की तो विचार करेल, पाना लागल्याशिवाय एवढी कशी फिरली? आणि नथू विचार करायला लागला की शेवटपर्यंत जायचा.

शाळेत बाकांवर नंबर टाकायला पिवळा तेलरंग होता. शनिवारी मी तो कागदाच्या पुडीत — नाही, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घरी आणला. जुनी रेघ रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. बोल्ट सैल केला, डायनामो आत ढकलला, आवळला. मग नवी रेघ ओढली. रंग जरा फिका वाटला, म्हणून त्यात चिमूटभर गेरू मिसळून परत ओढली. चष्मा लावून, श्वास रोखून. अठ्ठावीस वर्षांत शाळेच्या रजिस्टरात माझी एक खाडाखोड नाही. ती सगळी कसर त्या बोल्टवर निघाली. रेघ इतकी हुबेहूब जमली की — कसं सांगू — मला अभिमान वाटला. थोडा वेळ बॉनेट उघडं ठेवून बघत बसलो होतो.

सोमवारी नथूनं बॉनेट उघडलं. आधी अंगठा लावला. पट्टा पेरभर आत. मग रेघ बघितली. वाकून बघितली. बोटानं चाचपली. अखंड.

त्यानं परत एकदा पट्ट्यावर अंगठा लावून बघितला. मी म्हणालो, "काय झालं?"

"बोल्ट हललेला नाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग पट्टा मीच ढिला ठेवला आसनार. आवळताना." त्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. लहान पोरानं खोडी काढल्यावर बाप बघतो ना, तसं. "हाच फसवतोय."

मी तिथं होतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर. औषधाची बाटली माझ्या शर्टाच्या खिशात होती — शाळेत परत ठेवायची होती. आणि मी म्हणालो, "आवळ आता नीट." एवढंच. नीट!

त्यानंतर आणखी सात शनिवार मी ते केलं. सात. थांबवावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण रविवार यायचाच.

गंमत अशी — मी गंमत म्हणतोय, तुम्ही काहीही म्हणा — की नथू घाबरला. माझा पट्टा तो दहादा दाबून बघून आवळायचा, पण ढिला राहू नये म्हणून बाकी सगळ्यांच्या गाड्यांचे पट्टे जरा जास्त आवळायला लागला. त्यानंच सांगितलं होतं ना, कमी गेला तर बेरिंग रडतं? बेरिंगं रडायला लागली. भातसानगरच्या एका साहेबांच्या गाडीचा पाण्याचा पंप गेला. मग किन्हवलीची एक जीप डोळखांबच्या रस्त्याला डायनामोचं बेरिंग जळून बंद पडली, आणि आत नेमका नवरदेव. मुंडावळ्या बांधलेला. त्याला मागून आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून मांडवात जावं लागलं. मांडवात मी होतो, अण्णाही होते. ती सोयरीक त्यांनीच जमवलेली. चिखलानं माखलेला नवरदेव दोन्ही हातांनी ट्रॉलीची कड धरून आला तेव्हा सगळा मांडव हसला. मीही हसलो. आधी हसलो, मग कुणीतरी म्हणालं, "नथूकडून पट्टा आवळून घेतला होता परवाच." मग माझं हसू आपोआप कमी झालं. बंद झालं नाही. कमी झालं.

"नथूचा अंगठा गेला," असं लोक बोलायला लागले. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर. चेष्टेनं. माणसं हळूहळू शहापूरला जायला लागली. आणि त्यात भर म्हणून कुणी म्हणालं, "भाऊसाहेबांची गाडी बघा ना. बिचारे दर सोमवारी नेतात त्याच्याकडे, तरी त्याला सोडत नाहीत. दुसरा असता तर..." म्हणजे मी थोर ठरलो. नथूला सांभाळून घेणारा.

श्रावणात एका सकाळी नथू घरी आला. धुतलेला शर्ट, हातात कर्टुल्यांची पिशवी. डोंगरातून त्याच्या बायकोनं तोडून आणलेली. आत यायला तयार नव्हता, ओट्यावरच बसला. हिनं चहा दिला. तो बशीकडे बघत बोलला.

"भावसाब, तुमच्या गाडीचं मला जमलं नाय. लय पिडलं तुमाला. माफी मागाया आलोय."

मी पिशवीकडे बघत होतो. मोठी मोठी कर्टुली होती, हिरवीगार.

मग तो म्हणाला की वाशिंदच्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं त्याला बोलावलं होतं. हेड मेकॅनिक म्हणून. हाताखाली चार माणसं, राहायला खोली, पोरीला तिथं शाळा. "उन्हाळ्यातच बोलावणं आलं व्हतं. म्हणलं, भावसाबांच्या गाडीचं कोडं सोडवतो आन मग जातो. त्ये काय सुटलं नाय. काल नाय म्हणून कळवलं. एक पट्टा आवळता येत नाय त्यानं दुसऱ्यांना काय शिकवायचं?"

ओट्यावर आम्ही तिघं. सकाळची वेळ. कुणाची घाई नाही. सांगायला याहून चांगली वेळ मला कुणी काढून दिली नसती. आणि मी — मी प्रयत्न केला. त्याला प्रयत्न म्हणायचं का ते तुम्ही ठरवा. मी म्हणालो, "नथू, समज... कुणी मुद्दाम तो बोल्ट सैल करत असेल तर?"

नथूनं मान वर केली. आणि कित्येक दिवसांनी हसला. "तुमच्या दारातल्या गाडीला कोन हात लावंल, भावसाब? आन कशापायी? इतका हलकट मानूस नाय आपल्या गावात."

"शी! कोण करील असं!" ही मध्येच म्हणाली.

मी म्हणालो, "हो. तेही खरंच."

तो उठला. वाकून नमस्कार करायला लागला, मी त्याला धरलं. आणि ऐका, मी त्याला काय म्हणालो ते ऐका. इतकी वर्षं मला हे कागदावरसुद्धा उतरवता आलेलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे रे. मनाला लावून घेऊ नकोस. चुका माणसाकडूनच होतात."

मी त्याला माफ केलं.

दुपारी कर्टुल्यांची भाजी झाली. मी दोनदा वाढून घेतली.

त्याच महिन्यात अण्णांनी स्वतःची गाडी घेतली. मोठी, सात माणसांची. "भावजींच्या गाडीचा काही भरवसा नाही," म्हणाले. आता दर रविवारी नऊ वाजता ते आमच्या दारात हॉर्न देतात. मी मागे बसतो, मधे, दोन्ही बाजूंना कुणाचे तरी मामा-काका आणि मांडीवर अहेराच्या पिशव्या. धसई, टोकावडे, म्हशाची जत्रा — सगळं होतं. संध्याकाळी परत येतो. एकही रविवार सुटलेला नाही. मी किती झोपा मिळवल्या याचा हिशोब कधी लावला नाही. विसाच्या आत असतील.

मग बोल्ट सैल करायचं कारणच उरलं नाही. मी सोडून दिलं. पश्चात्ताप झाला म्हणून नाही, हे लक्षात घ्या. गरज संपली म्हणून. आणि गाडीचं ओरडणं थांबलं. थांबणारच. नथूनं शेवटचं आवळलेलं तसंच होतं.

पण गाव लहान. पंधरा दिवसांनी नथूनं मला रस्त्यात थांबवलं. "भावसाब, गाडी वरडत नाय आता?"

आता बघा. आता तर अगदीच सोपं होतं. तुझंच काम टिकलं रे नथू — एवढंच म्हणायचं होतं. कबुलीसुद्धा नको होती. खरं तेवढंच बोलायचं होतं. पण त्याच्यापुढे प्रश्न आला असता: मग आधीच का नाही टिकलं? हे एवढं सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं आणि तोंडातून निघालं, "शहापूरला दाखवली. त्यानं केली ठीक."

"कोनाकडं?"

"आहे एक. हायवेच्या बाजूला."

"हां," नथू म्हणाला. "त्येचा हात चांगला आसनार."

शहापूरला असा कुणी नाही. हायवेच्या बाजूला कुणी माझ्या गाडीचं बॉनेट कधी उघडलेलं नाही. नथूनं पुढच्या महिन्यात गॅरेजातली यंत्रं विकून टाकली. आता तो तिथंच पत्र्याखाली पंक्चर काढतो, हवा भरतो. पट्ट्याचं काम घेऊन कुणी आलं तर म्हणतो, शहापूरला जा, हायवेच्या बाजूला एक आहे, भाऊसाहेबांना विचारा. आणि लोक मला विचारतात. मी सांगतो, तो गाव सोडून गेला.

मागच्या महिन्यात माझ्या मागच्या चाकात खिळा घुसला. कशीबशी गाडी नथूच्या पत्र्याखाली आणली. त्यानं चाक काढलं, पाण्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं. चाक परत बसवल्यावर मला म्हणाला, "चालू करा, जरा पुढं घ्या." मी किल्ली फिरवली. तो हात पुसत पुसत बॉनेटपाशी आला आणि थांबला. बॉनेट बंदच होतं. त्यानं मान कलती करून ऐकलं. चार वर्षं झाली त्या पट्ट्याला. ना पट्टा रडत होता ना बेरिंग.

"काय सुरेख चाललाय," नथू म्हणाला. "जराबी जास्ती नाय, जराबी कमी नाय. मानलं त्या शहापूरवाल्याला. आसा हात लाखात एकाचा आसतो, भावसाब."

मी खिडकीतून त्याच्याकडे बघितलं. "हो," म्हणालो. "चांगला होता त्याचा हात."

आणि गाडी काढली.